दुसरा हो

परळला मी ज्या ऑफिसात लिफ्ट चालवतो, तिथे इंटरनेटच्या पेट्या बघायला एक माणूस येतो. शिवडीचा आहे. नाव मी कधी विचारलं नाही. पेटीशी सारखा बोलत असतो, "थांब गं, ऐक गं."

जुनी पेटी उतावळी, असं तो म्हणतो. सांगितलं की लगेच करते, पण सेव्ह करायचं राहिलं आणि वीज गेली की विसरते. नवी पेटी वेगळी. कितीही लिहा, 'कमिट', म्हणजे हो, कर, असं म्हटल्याशिवाय हलत नाही. सांगून ठेवलं तर केल्यावरही दहा मिनिटं दुसऱ्या होची वाट बघते. तेवढ्यात पुन्हा हो म्हटलं नाही, तर आपोआप सगळं पहिल्यासारखं करते.

मी म्हटलं, "बायकोच्या ऑपरेशनला माझी सही एकदाच घेतली. पुन्हा कुणी विचारलं नाही. ती टेबलावरच गेली."

त्याने लॅपटॉपवरून नव्या पेटीत काहीतरी लिहिलं. कमिट केलं आणि हात मांडीवर ठेवले. "काका, आता दुसरा हो देत नाही. बघायचंय?"

पेट्यांच्या त्या गार खोलीत आम्ही दोघं बसून राहिलो. हिरवे दिवे लुकलुकत होते. मला वाटायला लागलं, घरी गेलो की ती दार उघडेल आणि ओरडेल, "चपला बाहेर काढा आधी!" दहा मिनिटं मी ते खरंच धरून बसलो.

पेटीने केलेलं सगळं मागे घेतलं. "गेलं बघा परत," तो हळूच म्हणाला.

मग त्याने सगळं पुन्हा लिहिलं. दुसऱ्यांदा हो म्हणायची वेळ आली, तेव्हा मला दिसू नये म्हणून लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतला.