बिबटवेळेची नोंद

अकोले तालुक्यातल्या आमच्या गावात दिवेलागणीला आता कुणी दिवेलागण म्हणत नाही. बिबट्या उसातून बाहेर पडतो ती वेळ, म्हणून 'बिबटवेळ'. शब्द शाळेतल्या पोरींनी काढला आणि वर्षभरात म्हाताऱ्यांच्याही तोंडी बसला. मला त्याचं भारी कौतुक. मोबाईलवरच्या मराठी ज्ञानकोशात मी अधूनमधून लिहिते, तिथे मी त्याची नोंद केली.

दोन दिवसांत एका संपादकाचा शेरा आला. शब्द नवा आहे, छापील संदर्भ द्या, नाहीतर नोंद काढावी लागेल. मी चिडले. फ्लॅटात बसून याला काय कळणार, असंही मनात आलं. मग तालुक्याच्या वार्ताहराला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, शब्द लई भारी हाय. पण नुसत्या शब्दाची बातमी होत न्हाई. काही घडलं की टाकतो." मी बरं म्हटलं. त्याचा अर्थ तेव्हा माझ्या डोक्यात शिरला नाही. रोज सकाळी पेपर उघडून मी तो शब्द शोधू लागले.

त्याच आठवड्यात थोरल्या जाऊबाई गवताला गेल्या त्या वेळेत परतल्या नाहीत. आमच्याकडे उसाच्या कडेला जाताना बायका कमरेला मोबाईल खोचून गाणी मोठ्यानं लावतात, आवाजानं जनावर दूर राहतं म्हणून. घरी थांबलेलीला ती गाणी ऐकू येत राहतात. त्या दिवशी मी ओट्यावर उभी राहून कान दिले, तर उसाकडून काहीच आवाज नव्हता. फोन लावला, तो बंद. गोठ्यात गाय हंबरत होती.

आणि तेवढ्यात माझ्या मनात आलं, उद्याच्या पेपरात तो शब्द येईल.

स्वतःची एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. मी ताट-पळी घेऊन बडवत रस्त्यापर्यंत धावले. समोरून ट्रॅक्टर आला. मागे गवताचा भारा, त्यावर जाऊबाई.

"चार्जिंग संपलं गं," त्या उतरत म्हणाल्या. "बिबटवेळ झाल्ती, मंग एकटी निघालेच न्हाई. डेअरीपाशी थांबले ट्रॅक्टरची वाट बघत. तू का रडतीस?"

मी त्यांचा भारा उतरवून घेतला आणि गाईला गवत टाकलं.

जेवणं झाल्यावर संपादकाला लिहिलं, "तुमचं बरोबर आहे. संदर्भ नाही. नोंद काढा."

पेपर मी अजूनही रोज सकाळी उघडते. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघते, आणि तो शब्द कुठे दिसला नाही की मगच चहा ठेवते.