एकाच मुलीसाठी तत्त्वज्ञान

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला तत्त्वज्ञान घ्यायला एकच मुलगी तयार होती. पहिल्या वर्षाला माझा वर्ग बऱ्यापैकी भरायचा. स्पर्धा परीक्षेला उपयोग होतो, असं मुलांना कोणीतरी सांगितलेलं असायचं. पुढे ही मुलं राज्यशास्त्राकडे वळायची, आणि हल्ली मानसशास्त्राला तर जागा पुरत नाहीत. या मुलीला बारावी सायन्सला उत्तम गुण होते, तरी ती आर्ट्सला आली होती.

प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. "मॅडम, एकीसाठी विषय चालवता येणार नाही. तिला राज्यशास्त्र घ्यायला सांगा. तत्त्वज्ञान काय, घरी बसूनही करता येतं."

मी तिला तसं सांगितलं. ती "घरी विचारते" म्हणाली. त्याच आठवड्यात तिचे वडील मला भेटायला आले. हडपसरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते, अंगावर कंपनीचाच शर्ट होता. मुलीला समजवा, असं म्हणायला आलेले पालक मी पुष्कळ पाहिले होते. हेही तेच म्हणणार, असं मी धरून चालले.

"आपल्याला वेळ आहे ना?" त्यांनी विचारलं आणि खुर्चीच्या कडेवर बसले. "आमचा मोठा मुलगा इंजिनिअरिंगला होता. डेंग्यूचं निमित्त झालं आणि गेला. ही तेव्हा बारावीत होती."

मला हे माहीत नव्हतं. दोन वर्षं ती माझ्यासमोर बसत होती, पण याबद्दल कधी बोलली नव्हती.

"त्यानंतर आम्ही तिघं जेवायला बसायचो, पण बोलायचं कोणीच नाही. मीठ कमी पडलं तरी कोणी मागायचं नाही. ही तुमच्याकडे यायला लागली आणि जेवताना सांगायला लागली, आज मॅडमनी काय शिकवलं. मरणाबद्दल कोण काय म्हणून गेलं. आत्मा आहे म्हणणारे, नाही म्हणणारे. तिची आई चिडायची. म्हणायची, नाही म्हणणाऱ्यांना पोरंबाळं नव्हती का? मग दोघींची जुंपायची. पण मॅडम, त्या भांडणात मुलाचं नाव परत घरात निघायला लागलं. तिला दुसरा विषय घ्यायला लावू नका. एवढंच सांगायला आलो होतो."

मी त्यांना पाणी दिलं.

विषय वाचवणं माझ्या हातात नव्हतं. नदीपलीकडच्या एका कॉलेजात तो अजून चालू होता. तिथल्या मैत्रिणीला मी फोन केला आणि मुलीचा प्रवेश तिकडे करून दिला. प्राचार्यांनी दाखल्यावर सही केली आणि म्हणाले, "चला, आपला प्रश्न सुटला." खरंच सुटला. विभाग बंद झाला. आता मी कॉमर्सच्या मुलांना व्यावसायिक नीती शिकवते. मुलं शांत बसतात. त्यातली काही मोबाइल बघतात, काही ऐकतात.

या उन्हाळ्यात ती मुलगी पास होऊन भेटायला आली. बरोबर आईवडील होते. आईला मी पहिल्यांदाच पाहत होते. बारीक अंगाची, थकलेल्या चेहऱ्याची बाई. नमस्कार झाल्यावर त्या म्हणाल्या, "मला तुमच्याशी भांडायचं होतं."

"भांडा ना," मी म्हटलं.

"आत्मा आहे की नाही? तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिनं मला हे कधी विचारलं नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "इतकी वर्षं शिकवलं, पण मला माहीत नाही."

त्या म्हणाल्या, "मलाही नाही." आणि पदर सारखा करत माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.