भोपळ्याचं मादीफूल

काल शिवाजीनगरच्या बाजारात भोपळ्याची फुलं दिसली. त्यांचा ओला, किंचित गोडसर वास आला आणि नव्वदच्या दशकातली, बेंगळुरूतल्या आमच्या क्वार्टर्समागची एक सकाळ आठवली.

मी चौथीत होते. आठवड्यापूर्वी आई इस्पितळातून बाळाशिवाय परत आली होती आणि घरात कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं. त्या सकाळी ती पहिल्यांदाच परसात आली. नरफूल खुडून, पाकळ्या काढून, त्यातले पराग ती मादीफुलात अलगद टेकवू लागली.

"बघ, मादीफुलाखाली इवलासा भोपळा आधीपासूनच असतो," ती म्हणाली. "पराग मिळाले की तो वाढतो."

खाली एक पिवळा पडलेला, बोटाएवढा भोपळा गळून पडला होता. मी तो उचलला. "हा वेलीने का टाकला?"

आईने तो माझ्याकडून घेऊन मुठीत धरला. "टाकला नाही गं. वेलीला तो धरवला नाही."

मग तिने बोटांनी माती उकरून तो पुरला आणि हात बराच वेळ तिथेच ठेवला.

"आता उगवेल?" मी विचारलं. तिने त्यावर आणखी थोडी माती सारली.

फार वर्षांनी मला कळलं, की आई इस्पितळात असतानाच बाबांनी बाळाला पुरलं होतं. तिला ते बाळ बघायलाही मिळालं नव्हतं.