घरटी एक लाकूड

कमळाकरशेटला कुणी बसा म्हटलं की तो बसायचा, पण खुर्चीच्या कडेला, उठायच्या बेतानंच. चहा उभ्यानं. जेवण फोन खांद्यात धरून. रामवाडीतल्या त्याच्या शेडवरचे कामगार म्हणायचे, आपल्याकडं मशिनी दोन जातीच्या, एक प्रेस आणि एक शेट; प्रेसला निदान बंद करायचं बटण तरी आहे. हे त्याच्याही कानावर गेलं होतं. त्याला राग आला नाही. उलट एका प्रेसचं बटण हल्ली कडक झालंय हे आठवलं आणि तो पाना शोधायला गेला.

शेडमध्ये कांड्या बनायच्या. भातगिरण्यांतून तूस यायचं, लाकडाच्या वखारीतून भुसा यायचा. दोन्ही वाळवून, मिसळून प्रेसमध्ये घातलं की पलीकडच्या तोंडातून मनगटाएवढी जाड तपकिरी कांडी सरकत बाहेर पडायची, गरम, ताज्या भाकरीसारखा वास मारत. धंद्यातली माणसं तिला पांढरा कोळसा म्हणतात. ती पांढरी नसते आणि कोळसाही नसते, पण रोह्याच्या कंपन्यांचे बॉयलर ती आवडीनं खातात.

त्यानं स्वतः बारा वर्षं रोह्याला एका कंपनीत बॉयलर जेवू घातला होता. फायरमन म्हणजे आठ तास भट्टीच्या तोंडाशी उभं राहायचं. एक डोळा आगीवर, दुसरा प्रेशरच्या काट्यावर, काटा ढळला की फावडं. एका मार्चमध्ये कोळशाची गाडी आली नाही. सुपरवायझरनं कुठून तरी तुसाची पोती आणवली, तात्पुरती सोय म्हणून. कमळाकरनं पहिलं पोतं ओतलं आणि काटा असा चढला की तो दोन पावलं मागं सरला. त्या शिफ्टनंतर त्याला चैन पडेना. पेणला प्रत्येक भातगिरणीच्या मागं तुसाचे डोंगर असायचे. कुणीतरी काडी लावून द्यायचं आणि आठ-आठ दिवस वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख बसायची. जे इथं फुकट जळतंय तेच तिकडं हवंय, हे त्याला दिसलं आणि दिसत राहिलं. बायको शांतीनं विचारलं, की पर्मनंट नोकरी सोडून आता तुसं गोळा करत फिरणार का. त्यानं व्हय म्हटलं आणि चपला घातल्या.

तूस लोखंड खातं, हे त्याला पहिल्या महिन्यात कळलं. प्रेसचा साचा तुसाच्या घर्षणानं घासून जायचा. दुसऱ्या महिन्यात कळलं की खाडीची हवा वाळलेल्या तुसाला पुन्हा ओलं करते. पहिल्या तीन गाड्या रोह्याच्या गेटवरून परत आल्या. तिथला खरेदीवाला साहेब पट्टा वर ओढत म्हणायचा, "देखो कमलाकर, मॉइश्चर दस के ऊपर, तो गाडी रिटर्न." हे वाक्य पुढं घरात इतकं बोललं गेलं की लेक मनाली आईनं केलेल्या भाकरीवर बोट टेकवून, पोट पुढं काढून, तोच पट्टा ओढून, तसंच ऐकवायची. शांती लाटणं उगारायची. कमळाकर हसायचा, आणि हसता हसता वाळवणीच्या भट्टीचा नवा नकाशा वर्तमानपत्राच्या कडेला काढायचा. पाच वर्षांत एका प्रेसच्या तीन झाल्या आणि त्याचा कमळाकरशेट झाला.

पण त्याला लोक ओळखायचे ते बॉयलरमुळं नाही. त्याच्या टेम्पोवर मोठ्या आकड्यांत एक फोन नंबर रंगवलेला होता. पेण-रोह्याकडच्या कुठल्याही गावात मयत झालं, की त्या नंबरवर फोन करायचा; तासाभरात सरणापुरत्या कोरड्या कांड्या मसणवटीत हजर, एक पैसा न घेता. पावसाळ्यात तर दिवसाआड फोन. फोन तो स्वतः घ्यायचा. रोह्याला एका मंडळानं त्याचा सत्कार ठेवला होता. निवेदकानं माइक दोन्ही हातांत धरून दानशूर, समाजभूषण, आपल्या मातीचं सोनं असं सुरू केलं आणि नेमका फोन वाजला. शेट अंगावरची शाल घेऊनच स्टेजच्या मागच्या शिडीनं उतरला. निवेदक पुढची दहा मिनिटं रिकाम्या खुर्चीची स्तुती करत होता.

मसणवटीच्या शेडवर गावोगावी बोर्ड लागले, कमळाकरचा हसरा फोटो आणि खाली 'यांचे सौजन्याने'. लोक म्हणायचे, शेट, तुमी आमाला शेवटपर्यंत हसत हसत पोचवणार. त्यालाही तो फोटो बरा वाटायचा नाही, पण बदलायला वेळ कुणाला होता.

हे सगळं कशासाठी, हे शांतीला माहीत होतं. वीसेक वर्षांपूर्वीच्या श्रावणात त्याचा बाप गेला. धरमतरच्या खाडीकाठी खारघोळ हे त्यांचं गाव. बाप जन्मभर मिठागरात राबलेला. पाऊस असा की बांध दिसेना. लाकडं भिजलेली. कमळाकरनं रॉकेल ओतलं, डिझेल ओतलं, नुसता धूर. ज्याच्या हातून बारा वर्षं कंपनीची आग एकदाही विझली नव्हती त्याला बाप पेटवता येईना. शेवटी कुणीतरी जुने टायर आणले. त्या वासानं तो आठवडाभर जेवला नाही. महिन्याभरात घराला कुलूप लावून, आईला घेऊन रामवाडीला आला. पुढं आईही इथंच गेली. खारघोळला तो लग्नाकार्याला जायचा, पण उभ्या उभ्या. आहेर देऊन, येतो म्हणून गाडीत.

तेरा गावं त्याच्या कांड्या घेत होती. खारघोळ घेत नव्हतं.

हेच त्याला खात होतं. दोनदा निरोप धाडला, दोनदा नको आलं. पंचायतीत बसणारा नितेश फोनवर सांगायचा की बघू दादा, ग्रामसभेत ठेवतो, आणि ग्रामसभा काही व्हायची नाही. कमळाकरला वाटायचं, टायर आठवत असतील त्यांना. हा आम्हाला काय आग देणार, असं म्हणत असतील. तेरा गावांची शाबासकी त्याला एका बाजूला आणि हे नको दुसऱ्या बाजूला. आणि हे नकोच जड भरायचं. एकदा, फक्त एकदा त्या मसणवटीत त्याच्या कांड्या पेटल्या असत्या तर त्याचं तेव्हाचं अपुरं राहिलेलं काम पुरं होणार होतं.

यंदा ऑगस्टात सकाळीच कळलं की गुणाकाका गेला. गुणाजी म्हणजे बापाचा मिठागरातला जोडीदार. बापाच्या चितेवर त्या पावसात ताडपत्री धरून उभा राहिलेल्यांतला एक. कमळाकरनं कुणाला विचारलं नाही. सगळ्यात सुक्या कांड्या भरून ड्रायव्हर केरूला पाठवलं आणि स्वतः रोह्याच्या कंपनीत मीटिंगला निघाला. नागोठण्यालाच केरूचा फोन आला. गाडी परत आणतोय म्हणाला. कुणी अडवली, तर म्हातारीनं. काय म्हणाली, तर केरू जरा घुटमळला आणि मग म्हातारीच्याच कापऱ्या आवाजात सांगून मोकळा झाला, की कंपनीचा माल कंपनीत ने रं बाबा.

कमळाकरनं गाडी जागेवर वळवली.

म्हातारी म्हणजे बायजाबाई, गुणाजीच्याच घरी राहणारी त्याची थोरली बहीण. वय ऐंशीच्या पुढं, गावाचा निम्मा कारभार तिच्या ओसरीवर चालायचा. लहानपणापासून तो तिला आते म्हणायचा. आज मात्र तिला काय काय ऐकवायचं हे जुळवत तो बांधावरच्या चिखलातून तरातरा गेला.

गुणाजीच्या अंगणात ताडपत्रीखाली माणसं होती आणि मधोमध लाकडांचा ढीग. एकासारखं दुसरं लाकूड नाही. कुठं करंजाचा बुंधा, कुठं आंब्याची फांदी, कुठं जुन्या दाराच्या चौकटीचा तुकडा. सगळी धुरानं काळी झालेली. तो बघत असतानाच एक बाई प्लॅस्टिकच्या कागदात तान्ह्या मुलासारखं गुंडाळलेलं एक लाकूड घेऊन आली, ढिगावर ठेवलं, पाया पडली. मागून एक म्हातारा. मागून शाळेच्या गणवेशातली पोर. भांडायला आलेला कमळाकर सवयीनं वाकला. एक लाकूड उचलून त्यानं दुसऱ्यावर ठोकलं. टण्ण वाजलं. भर श्रावणात, खाडीच्या हवेत, दहाच्या खाली मॉइश्चर.

त्याला राहवेना. त्यानं नितेशला बाजूला घेतलं आणि हे कुठल्या भट्टीत वाळवलं म्हणून विचारलं. नितेश म्हणाला, भट्टी कसली, चुलीवरच्या माळ्यावर असतं घरोघर. गॅस आला तरी आंघोळीच्या पाण्याला चूल पेटतेच की. मिरगाच्या आधी प्रत्येक घरानं एक लाकूड चढवायचं, पावसात कुणाचंही मयत झालं की ते उतरवायचं आणि त्या जागी लगेच दुसरं चढवायचं. घरटी एक. आणि मग, सगळ्यांना ठाऊक असलेलं सांगावं तसं, तो पुढं म्हणाला, "तुमच्या बाबांचं तसं झालं ना, तवापासून."

कमळाकरनं हातातलं लाकूड जपून ढिगावर परत ठेवलं. वीस वर्षं तो ज्या गावापासून तोंड चुकवत होता, ते गाव वीस वर्षं त्याच्या बापासाठी लाकडं सुकवत होतं.

ओसरीवरून बायजाबाईनं त्याला पाहिलं. रडून तिचे डोळे सुजले होते, आवाज मात्र नेहमीचा. जवळ बोलावून म्हणाली, "तुजी गाडी ठेवून घेतली आसती, तर हे समदे हात हलवीत आले आसते. नायतर आलेच नसते. मी बघितलंय दोन गावांत. गाडी येते, चार मानसं येतात, घड्याळ बघतात, जातात."

"पन आते, मला कुनी सांगितलंच नाय."

"तू बसलास कवा, सांगायला?"

जुळवून आणलेली सगळी वाक्यं चिखलात पडली. त्यानं ढिगाकडं पाहिलं आणि आणखी एक गोष्ट ध्यानात आली, की सगळं गाव लाकूड घेऊन आलंय आणि आपण तेवढे रिकाम्या हातानं. घराला कुलूप. टेम्पोभर कांड्या फुकट पाठवणारा माणूस एका लाकडासाठी इकडंतिकडं बघू लागला. कुंपणाच्या वईतलं एखादं तरी उपटावं का, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

बायजाबाईनं नातसुनेला हाक मारली. "भूमिका, ते दुसरं काढ गो."

भूमिकानं स्टुलावर चढून माळ्यावरून एक बाभळीचं लाकूड उतरवलं. गुणाजीच्या घरातलं एक आधीच ढिगावर पडलं होतं. हे कुणाचं, असं कमळाकर विचारणार तोच बायजाबाईनं सांगितलं, की हे तुझ्या घरचं. तू गेलास त्या सालापासून गुणा दोन ठेवायचा. एक आमचं, एक तुमचं. घर बंद असलं म्हणून गावातून घर कमी होतं काय, म्हणायचा. अशी तुमच्या घरची वीस वर्षांत किती मयतांना गेली ते काय मोजलं नाय कुणी.

कमळाकरनं ते घेतलं. खांद्यावर टाकलं आणि मयताच्या मागं मसणवटीपर्यंत चालत गेला. सरण रचताना प्रत्येकानं आपापलं लाकूड लावलं. त्यानं त्याचं पायाच्या बाजूला सरकवलं. पहिल्या काडीला आग धरली. रॉकेल नाही, काही नाही. तो मात्र दर पाच मिनिटांनी उठून जाळ बघायला जात होता, बांबूनं एखादं लाकूड सारत होता. शेवटी नितेशनं त्याचा हात धरला आणि हळूच म्हणाला, "दादा, इथं काटा नाय. बसा." रोह्याहून चार मिस्ड कॉल पडले. मीटिंग गेली. तो कवटी फुटेपर्यंत थांबला, गावकऱ्यांबरोबर खाडीवर आंघोळ करून ओल्या कपड्यानं परतला.

निघताना बायजाबाईनं बजावलं. यापुढं तुझं तू राख. गुणा होता तोवर चाललं, मला काय दोन-दोन राखायला होणार नाय.

सोपं वाटलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यानं शेडच्या भट्टीत एक लाकूड तासाभरात खडखडीत वाळवलं आणि नितेशला फोन केला. नितेश म्हणाला, आणा की. पण बंद घरात आठ दिवसांत ते भिजक्या पावासारखं होईल. धूर रोज लागला पाहिजे. म्हणजे चूल रोज पेटली पाहिजे. म्हणजे घरात रोज माणूस पाहिजे. शांतीनं आधीच सांगून टाकलं, की बॉयलरवाल्याशी लग्न केलंय, चूल फुंकायला पुन्हा खाडीत जाणार नाही.

तेरा गावांना फोन सुटले. टेम्पोवरचा नंबर तसाच ठेवला. कुणाकडं लाकूड नसलं तर गाडी जाईल. पण पुढल्या वैशाखात घरटी एक गोणी कांड्या वाटायच्या, ज्याच्या घरची त्यानं मसणवटीत न्यायची, असं त्यानं एकेका सरपंचाला समजावलं. एका सरपंचानं विचारलं की मग बोर्डावर फोटो कुणाकुणाचे टाकायचे. कमळाकर म्हणाला, बोर्डच काढा.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, शेड उघडायच्या आधी, त्यानं खारघोळच्या घराचं कुलूप तेल घालून उघडलं. चुलीत उंदरांनी बीळ केलं होतं. ती मातीनं लिंपली, माळा झाडला, भट्टीत वाळवलेलं लाकूड वर ठेवलं आणि आंघोळीच्या पाण्याला जाळ घातला; आंघोळ आता रोज इथंच. कौलांतून धूर निघाला तशी गल्लीतली दोन-चार माणसं बघायला आली. मागून काठी टेकत बायजाबाई आली. दारातूनच तिनं माळ्याकडं पाहिलं.

"हे एवढंसं?" ती म्हणाली. "पुढला नंबर माजाच हाय रं. जरा जाड बघ."

कमळाकर लाकूड उतरवायला वर चढला.