मुकादम सरांनी मागितलेली उंची

इब्राहिम मुकादम सरांची आणि माझी पहिली भेट ऐरोलीतल्या माझ्या छोट्या कार्यालयात झाली. मी वास्तुविशारद आहे. नकाशे काढणे आणि ते मंजूर करून घेणे हे माझे रोजचे काम. त्या सकाळी एका सोसायटीची मंडळी माझ्यासमोर बसली होती आणि त्यांचे आवाज चांगलेच चढले होते. बाहेरच्या बाकावर पांढऱ्या शर्टातले एक वयस्कर गृहस्थ शांतपणे वाट पाहत होते. मंडळी गेली तसे ते आत आले आणि म्हणाले, "मॅडम, मला एका टॉवरसाठी नियमापेक्षा जास्त उंची मागायची आहे. पण त्याआधी हा नियम कशासाठी केला असेल, ते मला समजावून सांगा."

नियमातून वाट काढून द्या म्हणणारे माझ्याकडे पुष्कळ येतात. नियमामागचे कारण विचारणारे सर पहिलेच होते. यंदा ते पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथासाठी लिहायला बसले तेव्हा सांगण्यासारखे पुष्कळ होते. परंतु मी त्या एका टॉवरबद्दलच लिहिणार आहे, कारण सर मला जे कळले ते त्या कामात कळले.

सर मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे. त्यांचे वडील मासेमारीच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते. समुद्रात गेलेल्या माणसाची खबर येत नाही तोवर घर कसे ताटकळते, हे त्यांनी लहानपणी पाहिले होते. पुढे ते बिनतारी संदेशयंत्रणेचे अभियंता झाले, सरकारी नोकरीत आयुष्य गेले आणि निवृत्तीनंतर ते नवी मुंबईत स्थायिक झाले. इथे पावण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यांनी मिळून एक आपत्कालीन साहाय्य मंडळ चालवले होते. मंडळाच्या केंद्रात रुग्णवाहिका, आगीचा पंप आणि विषारी वायूत उतरू शकणारी प्रशिक्षित माणसे सज्ज असत. प्रत्येक कारखान्यात एक वायरलेस संच होता. बटण दाबून बोलले की केंद्रात ऐकू जाई. ही सारी यंत्रणा सरांनी विनामोबदला उभारून दिली होती.

काही वर्षांत आजूबाजूला उंच इमारती झाल्या. खाडीकडच्या सखल भागातले कारखाने त्यांच्या आडोशाला गेले आणि तिथले आवाज केंद्रापर्यंत तुटक येऊ लागले. सरांनी मंडळाला तसे सांगितले होते. मंडळ विचार करत होते. तेवढ्यात एका रंगाच्या कारखान्यात दिनेश जाधव हा कामगार टाकी साफ करायला उतरला आणि आतल्या वाफेने बेशुद्ध पडला. सोबत्यांनी संचावरून हाका मारल्या. केंद्रात नुसती खरखर आली. फोन लागेनात. शेवटी एक जण पळत केंद्रापर्यंत गेला. माणसे पोहोचली तोवर उशीर झाला होता.

मला हे सांगून सर एवढेच म्हणाले, "माणसं बोलत होती हो. आम्हाला ऐकू आलं नाही."

यावर उपाय एकच होता. केंद्राच्या आवारात इतका उंच टॉवर हवा होता, की त्याच्या टोकावरून सखल भाग सरळ दिसेल. परंतु केंद्र गावठाणाला लागून होते आणि त्या पट्ट्यात बांधकामाच्या उंचीला मर्यादा होती. विमानवाहतुकीच्या दृष्टीने हरकत नसल्याचा दाखला वेगळ्या कार्यालयातून मिळाला. राहिली ती नियोजन प्राधिकरणाची परवानगी. सार्वजनिक गरज असेल तर सुनावणी घेऊन उंचीची अट शिथिल करता येते. सरांच्या प्रश्नाला मी उत्तर दिले होते, की हा नियम शेजारी राहणाऱ्यांसाठी आहे. त्यांच्या घरांवर अवजड काही उभे राहू नये म्हणून. त्यावर ते म्हणाले, "मग आधी शेजाऱ्यांनाच विचारायला हवं."

आणि ते खरोखरच गावात गेले. केंद्रासमोरच्या आळीत सतरंजीवर बसून त्यांनी लोकांच्या शंका ऐकल्या. एक तरुण तावातावाने म्हणाला, "काका, टॉवरनी कॅन्सर होतो. व्हॉट्सॲपवर आलंय, फुल डिटेलमध्ये." काही जण हसले. सर हसले नाहीत. मोबाइलचा टॉवर आणि हा वायरलेसचा टॉवर यांत फरक काय, हा किती वेळ चालू असतो, हे त्यांनी त्या तरुणाला समजेपर्यंत सांगितले आणि शेवटी म्हणाले, "तुमची भीती मी चुकीची म्हणत नाही. घरात लहान मुलं असली की माणूस विचारणारच." गावातून लेखी हरकत आली नाही.

सुनावणीच्या दिवशी आम्ही सारे निर्धास्त होतो. अधिकाऱ्यांनी कागद पाहिले, दोन-चार प्रश्न विचारले आणि मंजुरी द्यायला हरकत दिसत नाही असे म्हणाले. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. त्या गावातल्या मंजुळाबाई पाटील.

"मना बोलायचं हाय," त्या म्हणाल्या.

हरकतीची मुदत संपली आहे, असे अधिकाऱ्यांनी त्यांना सांगितले. त्या उभ्याच राहिल्या. तेव्हा सर उठले. "साहेब, आम्हाला घाई आहे, पण त्यांना बोलू द्या."

"तुमचा टावर परला, त आमचे अंगनवारीवर परंल," मंजुळाबाई म्हणाल्या. "पोरा बसतान तिथं. माजी नात हाय."

अधिकाऱ्यांनी नकाशावर बोट फिरवले. "इथे अंगणवाडी दाखवलेली नाही."

"कागदावर नसंल. मागचे खोलीन भरते आता. जुने खोलीचा पत्रा गेला."

सरांनी नकाशा हातात घेतला आणि मंजुळाबाईंजवळ जाऊन विचारले, "बाई, मागची म्हणजे नेमकी कुठली खोली? मला बोटानं दाखवा." त्यांनी दाखवले. मग सर वळून म्हणाले, "साहेब, ही परवानगी आज देऊ नका. ती जागा पाहिल्याशिवाय मला ती घेता येणार नाही."

माझ्या शेजारी बसलेले मंडळाचे अध्यक्ष अक्षरशः डोक्याला हात लावून बसले. मंजुरी हातात येत असताना ती नको म्हणणारा अर्जदार मी तोवर पाहिला नव्हता.

सुनावणी संपल्याबरोबर सर मंजुळाबाईंबरोबर गावात गेले, मीही गेले. केंद्राच्या कुंपणापलीकडे एक बैठी खोली होती. दाराबाहेर लहान मुलांच्या चपला काढून ठेवलेल्या होत्या, आतून बडबडगीत ऐकू येत होते. सरांनी खोलीच्या भिंतीपासून टॉवरच्या जागेपर्यंतचे अंतर मोजले. ते टॉवरच्या उंचीपेक्षा कमी भरले.

संध्याकाळी मंडळाची बैठक झाली. टॉवरचा आराखडा वादळ सोसेल असा आहे, तज्ज्ञाचा दाखला आहे, असा टॉवर सहसा पडत नाही, हे सारे अध्यक्षांनी मांडले. आणि त्यात खोटे काहीच नव्हते. "सर, उद्या परत एखादा दिनेश गेला तर? त्याची जबाबदारी कोण घेणार?" त्यांनी विचारले.

"मी घेतो," सर म्हणाले. "पडणार नाही असं मलाही वाटतं. पण त्या मुलांच्या आयांना मी हे छातीठोकपणे सांगू शकत नाही. दुसरी जागा शोधू या."

दुसऱ्या दिवशी ते कळंबोलीला दिनेशच्या पत्नीकडे, कविताताईंकडे गेले. टॉवर व्हावा म्हणून कविताताईंनीही अर्जाला जोडून निवेदन दिले होते. तेव्हा काम लांबल्याची बातमी त्यांना दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये, असे सरांना वाटले. मी सोबत होते. सरांनी सारे सांगितले. कविताताई म्हणाल्या, "सर, तुम्ही बरोबरच केलं असेल. पण मला राग येतोय."

"यायलाच हवा," सर म्हणाले.

"तोवर तिथल्या माणसांचं काय?"

तो प्रश्न घेऊनच सर निघाले. वाशीला घरी उतरताना मला म्हणाले, "मॅडम, टॉवर नसला तर मधे माणूस बसवता येईल."

तसेच झाले. केंद्र आणि सखल भाग यांच्या मधोमध एका कारखान्याची उंच गच्ची होती. तिच्यावर पत्र्याची केबिन उभी राहिली. सखल भागातला आवाज तिथे स्वच्छ येई आणि तिथून बोललेले केंद्रात पोहोचे. खालून आलेला निरोप ऐकायचा आणि जसाच्या तसा पुढे सांगायचा, एवढेच काम. पण त्यासाठी संचापाशी सतत कोणीतरी हवे. मंडळातल्यांनी पाळ्या वाटून घेतल्या. दिवसाची मोठी पाळी सरांनी मागून घेतली. तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. मे महिन्यात तो पत्रा हात लावू देत नसे. त्यांच्या पत्नी झुलेखाभाभी ओला पंचा आणि कोकमाचे सरबत बरोबर देत आणि मला फोन करून म्हणत, "तुम्ही तरी सांगा त्यांना." मी सांगून पाहिले. "खाली कामगार भट्टीपाशी उभे आहेत," एवढेच ते म्हणाले. आजारपणाचे दोन-तीन दिवस वगळता त्यांनी ती पाळी चुकवली नाही.

याच काळात दुसरी जागा मिळाली. खाडीच्या बाजूला एका कारखानदाराने आवारातला मागचा कोपरा दिला. आसपास वस्ती नव्हती, पण जागा गावाच्याच हद्दीत असल्याने उंचीची मर्यादा तिथेही होती. पडला तरी टॉवर मोकळ्या जमिनीवरच पडला असता. अडचण एवढीच, की ती जागा खोलात होती, त्यामुळे आधीपेक्षाही जास्त उंची मागावी लागणार होती. पहिल्यापासून सारे नव्याने सुरू झाले. नवे नकाशे, नवे दाखले, नवी सुनावणी.

या वेळी अधिकारी बदललेले होते. एवढी मोठी सवलत कशी द्यायची, असा त्यांचा सूर होता. सरांनी सखल भागातले आवाज ध्वनिमुद्रित करून आणले होते. ते त्यांनी ऐकवले. एक माणूस काहीतरी सांगतो आहे आणि एकही शब्द कळत नाही, असे ते होते. मग अधिकाऱ्यांनी विचारले, "गावाची काही हरकत?"

मंजुळाबाई उभ्या राहिल्या. "हरकत नाय. हे मानसानं आमचं आयकलं. पन टावर बांदल्यावर त्याचे नट-बोल्ट बगायला कोन येल? सगले बांदतान नि जातान."

अध्यक्ष काही बोलणार तोच सर म्हणाले, "त्या म्हणतात ते आदेशातच लिहा, साहेब. दर वर्षी पावसाळ्याआधी तपासणी आणि तपासणीला गावचा माणूस हजर. ही अट आम्हाला मान्य आहे."

"अर्जदार स्वतःच स्वतःवर अट घालून घेतोय," अधिकारी लेखनिकाकडे पाहून म्हणाले. आणि ती अट घालून त्यांनी मंजुरी दिली.

टॉवर उभा राहिला आणि सखल भागातला आवाज त्याच्यावरून आपोआप केंद्रात जाऊ लागला. पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी सखल भागातल्या एका कारखान्याच्या खड्ड्यात दोन कामगार गुदमरले. हाक मारल्याबरोबर केंद्रात स्पष्ट ऐकू गेली. मुखवटे लावलेली माणसे तडक गेली आणि दोघांनाही जिवंत बाहेर काढले. सर तेव्हा केंद्रातच होते. रुग्णालयातून दोघे शुद्धीवर आल्याचा निरोप आला, तसे ते उठले आणि कळंबोलीला निघाले. कविताताईंनी दार उघडले. सरांनी उंबऱ्यातूनच सांगितले, "आज ऐकू आलं." त्या रडल्या, आणि मुकादम सरही. नंतर त्यांनी सरांना जेवल्याशिवाय जाऊ दिले नाही. ही हकीकत मला कविताताईंनीच सांगितली. सर याविषयी कधी बोललेले नाहीत.

त्यानंतर दर वर्षी पावसाळ्याआधी टॉवरची तपासणी होते. मंजुळाबाई वेळेआधी येऊन बसतात. सरांना आता शिडीवर चढायची डॉक्टरांची मनाई आहे. ते खाली खुर्चीत बसतात आणि वर गेलेल्या तंत्रज्ञाला एकेक सांधा विचारतात. मध्येच मंजुळाबाई ओरडतात, "त्या कोपऱ्याचा बगितलास का रं?" सर म्हणतात, "परत बघ. बाई म्हणतायत."

माझ्यापुरते सांगायचे तर, माझ्या कामाची रीत त्यांच्यामुळे बदलली. आता कोणताही नकाशा काढण्याआधी मी त्या जागेच्या मागच्या बाजूला स्वतः जाऊन येते. त्यांनी मला हे कधी शिकवले नाही. मी त्यांच्याबरोबर हिंडले, एवढेच.

गेल्या वर्षापासून सरांना डाव्या कानाने कमी ऐकू येते. समोरचा माणूस बोलू लागला की ते खुर्ची थोडी वळवतात, उजवा कान पुढे करतात आणि बोलणाऱ्याचे पूर्ण होईपर्यंत मधे एक शब्द बोलत नाहीत. मुकादम सरांना आणि झुलेखाभाभींना निरामय दीर्घायुष्य लाभो, त्यांच्या घरी माणसांचा राबता असाच राहो. आणि सरांचा तो उजवा कान शंभर वर्षे शाबूत राहो. आम्हा पुष्कळ जणांना त्यांना अजून बरेच काही सांगायचे आहे.