चिंचेने उजळलेली रोमन नाणी

परवा देवाची भांडी घासायला चिंच कोळली आणि त्या आंबट वासासरशी मला अण्णांची शेवटची दिवाळी आठवली.

माझे वडील, अण्णा, तेव्हा अंथरुणाला खिळले होते. लक्ष्मीपूजनासाठी चांदी उजळताना मी त्यांनी हौसेने जमवलेली चांदीची रोमन नाणीही घासली. एकाच सम्राटाची सहा नाणी होती, पण मागच्या बाजूच्या चित्रातल्या खुर्चीचे पाय प्रत्येकावर वेगळे. अण्णा रोज भिंग मागून घेऊन तो फरक न्याहाळायचे; खाचांत बसलेल्या काळसर थरामुळेच तो दिसायचा.

"अण्णा, बघा ना, कशी लखलखतायत!"

त्यांनी भिंगातून सहाही नाणी पाहिली.

"छान केलंस गं."

मी सुखावले. शतकानुशतकं साचलेला तो थर पुन्हा येत नसतो, हे मला ते गेल्यावर कळलं.

त्यानंतर त्यांनी भिंग कधी मागितलंच नाही. मला वाटलं, डोळे थकले असतील.