रुमालाखालची थरथर

माझ्या थोरल्या भावानं मला फसवलं. त्याला होता तोच आजार मला झाला, तेव्हा त्यानं स्वतःचा लपवला आणि माझ्या आजाराला ‘बापाचं रक्त’ म्हणाला. त्या एका शब्दावर माझी बायको लेकीला घेऊन नांदेडला माहेरी राहिली. दीड वर्ष झालं.

मी बैलांचा दलाल, थोरलाही त्याच धंद्यात. बाजारात शेण उचलण्यापासून सुरुवात केली. आज अहमदपूरपासून लातूरपर्यंत चांगली जोडी माझ्या हातूनच विकली जाते. रागीट मी पहिल्यापासून. पण तीन वर्षांपूर्वी वेगळंच सुरू झालं. थंडीत घाम, भरपूर खाऊनही अंग वाळत चाललेलं, झोप नाही. भाजीत मीठ कमी म्हणून ताट अंगणात भिरकावलं. लेक दाराआड लपली. बायको तिला घेऊन माहेरी गेली. समेटासाठी नांदेडला दोन्ही घरांची बैठक बसली, तेव्हा भाऊच वडीलकीनं बोलला, की आमचा बाप असाच होता, हा सुधारायचा नाही. मलाही ते पटलं.

आमच्या धंद्यात भाव तोंडानं सांगत नाहीत. रुमालाखाली हात धरून बोटांनी सांगतात. गेल्या उन्हाळ्यात शिरूर अनंतपाळच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं माझी बोटं धरली आणि सोडलीच नाहीत.

“बोटं का थरथरायलीत रे? तुझ्या थोरल्याची बी अशीच कापायची. थायरॉईडच्या गोळ्या सुरू केल्या, मग थांबली.”

सौदा तिथंच टाकून लातूरला डॉक्टरांकडे गेलो. रक्त तपासलं, गळ्यातली ग्रंथी जास्त काम करत होती. हे घराण्यात चालत येतं, म्हणाले. चिडचिड त्यानं वाढते, पण ताट फेकलं ते ग्रंथीनं नाही, तुम्ही. झोंबलं, पण खरं होतं. खच्ची करून ग्रंथी निकामी केली की बैल का निवतो, हे मी गिऱ्हाइकाला रोज समजावतो. जोडीची पैदास विचारल्याशिवाय दावं हातात घेत नाही. आणि स्वतःच्या बापाचे बाहेर आलेले डोळे, कापणारे हात जन्मभर पाहून मला काही सुचलं नाही. त्याला कुणी दवाखान्यात नेलंच नव्हतं.

भावाला जाब विचारला. तो आरामात म्हणाला, “पोरीची सोयरीक चालली होती बाबा. घरात आजार हाय म्हणलं असतं, तर कोण उंबरा चढलं असतं?”

“तुझ्या पोरीचं घर बसवलंस. माझ्या पोरीचं मोडलंस, त्याचं काय?”

“आज गोळी घेतली न्हाईस का?” असं म्हणून हसला.

घेतली होती. आठ महिने घेतोय. हात स्थिर आहे, रिपोर्ट ठीक आहे. हा राग आता कुठल्या ग्रंथीवर ढकलता येणार नाही. ताटाबद्दल मी बायकोची माफी मागितली. आजाराचं सांगितलं, तर तिला तो बहाणा वाटतो. लेकीचं रक्त तपासून घे म्हटलं, तर फोन ठेवते. तिथं माझ्या शब्दाला किंमत नाही, भावाच्या आहे.

म्हणून त्यानं नांदेडला यावं. त्याच माणसांसमोर बसावं आणि सांगावं, की मला ‘बापाचं रक्त’ म्हणाला त्या दिवशी त्याच्या खिशात कोणत्या गोळ्या होत्या.